दार लावण्याआधीची हाक

कापूस फुटायला लागला की ते आधी माझ्या बोटांना कळतं. रविवारी दोन ओळी वेचल्या तरी बोंडांच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडेला बारीक चिरा पडतात आणि सोमवारी शाळेत खडू हातात धरला की झोंबतात. मुली विचारतात, "मॅडम, हाताला काय झालं?" त्यांच्याही बोटांना तेच झालेलं असतं, पण मॅडमची बोटं वेगळी असतात असा त्यांचा समज आहे. मी तो मोडत नाही.

यंदाही वेचणी सुरू झाली. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून हळूहळू जातात, इतके हळू की अख्खं गाणं आमच्या दारातच संपतं. सकाळी स्वेटर आणि दुपारी डोक्यावर पदर, असे आमच्या कळसाडी गावातले दिवस आलेत. खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिला कापूस येऊन पडला. काल संध्याकाळी शेडचं दार लावताना माझी मान सवयीनं वर गेली. पत्रा ज्या लोखंडी कैच्यांवर बसवलाय, त्यांवर काही नव्हतं. जाळी जागच्या जागी होती. तरी मी थांबले. असं थांबायला मला पाच वर्षांपूर्वीच्या वेचणीनं शिकवलं. खरं म्हणजे नानांनी, माझ्या सासऱ्यांनी.

त्या साली शेड आमचं कमी आणि पारव्यांचं जास्त होतं. सकाळी दार उघडलं की आतून फडफड अंगावर यायची आणि मग दिवसभर ते घूंऽ घूंऽ. ऐकायला बरं वाटतं म्हणणारे लोक बहुधा पारव्यांच्या खाली कापूस ठेवत नसावेत. पांढऱ्यावर पांढरी घाण आपल्याला दिसत नाही, पण व्यापाऱ्याला बरोबर दिसते. तो मूठभर कापूस उचलतो, त्यातून एक पीस बाहेर काढतो आणि काही न बोलता आपल्यापुढे धरतो. ते न बोलणं फार लागतं.

आम्ही काय काय नाही केलं! माझे यजमान शरद यांनी नंदुरबारच्या बाजारातून प्लॅस्टिकचं घुबड आणलं. त्याचे डोळे इतके मोठे होते की पहिल्या दिवशी मीच दचकले. पारवे दोन दिवस लांब राहिले, तिसऱ्या दिवशी एक पारवा घुबडाच्या डोक्यावर बसून मान फुगवत होता. मग दोऱ्यांना जुन्या सीड्या टांगल्या. त्यांत म्हणे स्वतःचं रूप बघून पाखरं घाबरतात. आमच्या पारव्यांना स्वतःचं रूप आवडलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून मोबाईलवर ससाण्याचा आवाज लावला, तर शेजारच्यांच्या कोंबड्या खाटेखाली जाऊन बसल्या आणि पारवे जागचे हलले नाहीत. जीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, या सगळ्याला हसायच्या आणि स्वतः पितळी बडवत शेडभर फिरायच्या. पितळीला पोचे पडले, बाकी काही झालं नाही.

यात एक गंमत अशी, की ज्या शेडमध्ये आमची ही लढाई चालायची त्याच शेडमध्ये नानांचं सदावर्तही चालायचं. रोज सकाळी ते खिडकीच्या कठड्यावर मूठभर ज्वारी टाकत. पाखरांचा वाटा. खळ्यावर रास झाली की पहिली मूठ पाखरांची, ही त्यांच्या वडिलांची रीत. पुढे खळ्यावरची मळणी गेली, ज्वारीही कमी झाली, शेड आलं, कापूस आला, पण नानांची मूठ तशीच राहिली. जीजी म्हणायच्या, "एकजण हाकलस, दुसरा बलावस. पारवासनी तरी काय करानं?"

नाना हात झटकून कामाला लागत. मूळचाच माणूस कमी बोलणारा. शेती शरदकडे सोपवल्यापासून वेचणीच्या दिवसांत त्यांची खाट शेडमध्येच असे. वेचून आलेल्या कापसातला पाला आणि कवडी, म्हणजे किडका कापूस, काढत ते तिथं बसायचे. दुपारी कापसाच्या गंजीला टेकून डोळा लावायचे. कापूस आतून ऊबदार असतो, वाळल्या पानांचा थोडा तुरट वास येतो. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात त्या गंजीवर बसून बी.एड.चा अभ्यास केलाय. नानांनीच तिथं बल्ब लावून दिला होता. माझे गुण कळले तेव्हा त्यांनी "हां" एवढंच म्हटलं आणि कापसातला पाला वेचत राहिले. पण त्या दिवशी पाखरांना मूठभराऐवजी ओंजळभर ज्वारी पडली, ती मी पाहिली.

त्याच नानांची आणखी एक सवय होती, आमच्या चेष्टेचा हक्काचा विषय. शेडचं दार लावण्याआधी ते उंबऱ्यात उभे राहून आत हाक मारायचे, "मझार कोनी शे का?" आत कोणी आहे का? रोज. आत कापसाशिवाय काही नाही हे डोळ्यांना दिसत असताना. हाक मारून ते घडीभर थांबत, मग कडी लावत. शरद म्हणायचे, "नाना, कापूस 'हां' म्हननां का?" मीही हसायचे.

त्यामागची गोष्ट मला आक्कांनी सांगितली. आक्का नानांची धाकटी बहीण, लोणखेड्याला दिलेली. ती पाच-सहा वर्षांची असताना ज्वारीच्या कोठीच्या खोलीत पोत्यांमागे झोपून गेली आणि कुणी न बघता बाहेरून कुलूप घातलं. सगळा गाव विहिरी धुंडाळत होता. संध्याकाळी कुणीतरी ज्वारी काढायला दार उघडलं, तर ही आत बसून रडून रडून दमलेली. त्या दिवसापासून घरात नियम झाला: कोठी असो, खोली असो, हाक मारल्याशिवाय दार लावायचं नाही. आक्का आता सत्तरीच्या पुढे आहेत. गोष्ट सांगताना म्हणतात, "मी एकडाव कोंडायनी, पन हाक अजून चालू शे."

नानांचा खोकला कधी सुरू झाला, हे आम्हाला कुणालाच सांगता येत नाही. हीच आमची चूक. नंदुरबारकडे मिरचीच्या दिवसांत अख्खं गाव खोकतं. पथारींवर लाल मिरची वाळत पडते, वाऱ्यावर तिची धूळ येते, रिक्षावाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे ठसकतात आणि कुणी त्याला आजार म्हणत नाही. आमच्याही अर्ध्या एकरात मिरची होती. नाना खोकले की आम्ही म्हणायचो, मिरचीचा ठसका. नानाही तेच म्हणायचे. मिरची संपली, होळी गेली, उन्हाळा आला, तरी ते खोकत होते आणि आम्ही मिरचीलाच बोल लावत होतो. माणसाला सोयीचं कारण सापडलं की तो दुसरं शोधत नाही. पुढची वेचणी आली तेव्हा नाना शेडपासून घरापर्यंतच्या पन्नास पावलांत दोनदा थांबायला लागले होते.

नंदुरबारच्या छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. मग विचारलं, "घरी पक्षी वगैरे पाळलेत का?"

"नही साहेब," नाना म्हणाले.

मीही ठामपणे नाही म्हटलं. शिक्षक सगळं ठामपणेच म्हणतात. डॉक्टर नानांच्या खांद्याकडे बघत होते. त्यांनी हात पुढे करून उपरण्याला चिकटलेलं एक करडं पीस उचललं. "मग हे काय?"

"पारवानं पंख शे साहेब," नाना शांतपणे म्हणाले. "पाळेल नहीत. त्या त्यासना मनथीन ऱ्हातस."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, पारव्यांच्या विष्ठेची, पिसांची धूळ वर्षानुवर्षं यांच्या छातीत जाते आहे. फुप्फुस कडक होत चाललंय. जे झालं ते परत येणार नाही, पुढचं थांबवता येईल. "एकतर पारवे शेडमध्ये राहतील किंवा हे. दोघं नाही." परतीच्या गाडीत मी त्या पन्नास पावलांचा विचार करत होते. एका दमात ती कधी चाळीसच होऊ लागली, कधी तीस, हे एका घरात राहून मला दिसलं नव्हतं. मला माझीच भीती वाटली.

घरी आल्यावर नाना जीजींना म्हणाले, "त्या बी जीव शेतस, पन मी बी जीव शे. लावा जाळी." सदावर्त त्याच दिवशी बंद झालं. आम्हाला वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

जाळी लावायला नवापूरकडचे सामुएलभाऊ आले. तिकडे कोंबड्यांची शेडं पुष्कळ, त्यांना जाळ्या बांधण्यात यांचा हात बसलेला. धुरळा उडणार म्हणून नानांना तीन दिवस लोणखेड्याला आक्कांकडे पाठवलं. मी शाळेतून रजा काढली. डॉक्टरांनी बजावलं होतं, कोरडं झाडायचं नाही. म्हणून फवारणीच्या पंपात साधं पाणी भरून आम्ही शेड भिजवलं, तोंडाला मास्क लावून दोन दिवस खरवडलं. तिसऱ्या दिवशी सामुएलभाऊ शिडीवर चढले आणि खिडक्या, पत्र्याखालच्या फटी, दारावरची मोकळी जागा, सगळं नायलॉनच्या काळ्या जाळीनं बंद केलं. पारवे तेवढ्यात चरायला गेले होते. संध्याकाळी परत आले, जाळीवर आपटले, पत्र्यावर बसले, उडाले, पुन्हा बसले. आमच्या शेडमध्ये कित्येक वर्षांनी शांतता होती. मी अभिमानानं कडी लावली आणि घरी येऊन चहा टाकला.

नाना त्याच संध्याकाळी परतले. "शेड देखी येस," म्हणून लांबून बघायला गेले. बऱ्याच वेळानं आले. "चांगलं काम व्हयनं," म्हणाले. चहा प्यायले.

दुसऱ्या दिवसापासून नवल सुरू झालं. मी शाळेतून यायचे, तर कापसावरच्या ताडपत्रीवर ताजी घाण. कधी एखादा पारवाच आत. मी जाळीची वीण न् वीण बघायचे. एक भोक सापडलं की सुतळीनं शिवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शरदनी सामुएलभाऊंना फोन केला, ते शपथेवर सांगत होते की त्यांच्या जाळीतून चिमणीही जाणार नाही. मी चिडून रोज शिवत होते. कापड शिवताना माझे टाके वाकडे पडतात, पण त्या जाळीला मी असे टाके घातलेत की आजही कुणी बघून जावं.

आणि लोणखेड्याला तीन दिवसांत हलका झालेला नानांचा खोकला परत वाढला. एका सकाळी आंघोळ करून येताना ते अंगणात भिंतीला धरून उभे राहिले, बसायलाही जमेना. ओठ निळसर दिसले. शरद गाडी काढायला धावले, जीजी त्यांची पाठ चोळत "सुरतना दवाखानामा लई चाला," म्हणत राहिल्या. हळूहळू श्वास जागेवर आला. त्या दिवशी मी वर्गात बेरजेची उदाहरणं घालून दिली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. दुपारच्या सुट्टीत मुख्याध्यापकांना सांगून घरी आले. जीजी आणि शरद मजुरांबरोबर शेतात होते. घरात नाना नव्हते.

ते शेडपाशी होते. मागच्या कोपऱ्यात जाळीची एक बाजू सोडून, बांबूच्या टेकूनं वर उचलून धरलेली. नाना खाली दगडावर बसलेले, उपरणं नाकातोंडावर गुंडाळलेलं, खांदे वरखाली होत होते. एक पारवा त्यांच्या डोक्यावरून सरळ आत गेला. त्यांच्या मांडीवर माझी सुतळी होती. रोज सोडायचं आणि आम्ही यायच्या आधी पुन्हा बांधायचं, असा उद्योग चालला होता तर.

माझा तोल गेला. सासऱ्यांशी मी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. "नाना! काय करी ऱ्हायनात तुम्ही? डॉक्टरनी काय सांगेल शे? आम्ही रोज मरमर मरतस अन् तुम्ही..." पुढे मला रडू आलं.

"हळू," नाना म्हणाले. "घाबरी जातीन."

"कोन?"

त्यांनी बोटानं वर दाखवलं. कैचीवर आमच्या ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी ठेवलेली होती. त्यांच्यामागून एक बारीक, करकरीत आवाज येत होता. पारवा आत शिरला तसा तो वाढला. दोन पिल्लं होती. अंगावर पिवळट लव, चोच अंगाच्या मानानं भलती मोठी, दिसायला अगदी कुरूप.

नानांनी दम घेतला. मग विचारलं, "जाळी लावी तवय हाक मारी व्हती का तू?"

मी वाद घालायचा म्हणून म्हटलं, "पारवा काय उत्तर देतीन का, नाना?"

"उत्तर नही देतस," ते थांबून थांबून बोलत होते. "पन हाक मारी का मानूस घडीभर थांबस. कान देस. मंग आयकू येस, मझार काय शे ते."

मला त्या शेडमधले तीन दिवस आठवले. पंपाचा आवाज, खरवडण्याचा आवाज, शिडीचा आवाज, माझ्या हुकमांचा आवाज. मी एकदाही गप्प उभी राहिले नव्हते. नाना परतल्या संध्याकाळी बाहेरून हाक मारून थांबले होते आणि त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी आम्हाला सांगितलं का नाही, असं नंतर विचारलं तर म्हणाले, "तुम्हीन काढी टाकता." बरोबरच होतं. आम्ही पिल्लं काढूनच टाकली असती.

हे लिहिताना माझा तेव्हाचा राग मी धुऊन काढणार नाही. दोन पिल्लांपायी त्यांनी आपला श्वास पणाला लावला होता, आणि मला त्यांचा श्वास त्या पिल्लांहून मोठा वाटत होता. आजही वाटतो. पण कोंडलं मी होतं. नाना माझी चूक निस्तरत बसले होते, त्यांच्या छातीच्या जोरावर. तेव्हा मी अट घातली: पिल्लं उडेपर्यंत कोपरा उघडा राहील, पण नानांनी रस्त्यावरच्या निंबापासून शेडच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं, बेटा." शब्द दिला की ते पाळत.

मग दिवसाची राखण जीजींकडे आली. ज्या जीजींनी पितळी बडवली त्याच आता तुरीच्या शेंगा सोलत कोपऱ्याशी बसायच्या, हातात लांब काठी. पंखात एक पांढरं पीस असलेली पारवी आली की काठी खाली, दुसरं कुणी आलं की काठी वर. "हाई आपली शे, हाई पराई शे," असं मला समजावून सांगायच्या. मी सामुएलभाऊंना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, कोपरा उघडाच ठेवायचा होता तर मला एवढं आवळून कशाला बांधायला लावलं?" मग स्वतःच म्हणाले, "आमच्याकडं आत कोंबड्याच असतात. आत कोण आहे बघायची मला सवयच नाही. वर बघायला पाहिजे होतं."

दोन आठवड्यांनी एक पिल्लू उडालं. दुसरं भित्रं निघालं. कैचीच्या टोकाशी यायचं, खाली बघायचं, मागे सरायचं. तीन दिवस जीजींनी त्याला शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर जीजी उभ्याच होत्या. "गया व," म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसलं.

त्या संध्याकाळी मी वेटोळी खाली काढली, घरटं म्हणजे चार काड्या होत्या, त्या भिजवून फेकल्या. जाळीचा कोपरा ओढून हातात धरला. लांब निंबाखाली नाना उभे होते. दम लागू नये म्हणून त्यांनी मोठ्यानं काही म्हटलं नाही, नुसता तोंडापुढे हात नेऊन हाक मारल्यासारखं केलं. चाळिशी गाठलेली मी, शाळेतली मॅडम, जाळीच्या कोपऱ्यातून आत तोंड घालून ओरडले, "मझार कोनी शे का?" आणि थांबले. पत्रा दिवसभर तापलेला होता, तो थंड होताना टक टक वाजत होता. कापसाच्या आत काहीतरी दबल्यासारखं सुस् होत होतं. बाकी काही नाही. मी कोपरा शिवून टाकला.

ती वेचणी संपली. नाना बरे झाले असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतंच, गेलेलं परत येत नाही. पण पुढचं जायचं थांबलं. खिशात दम्याच्या पंपासारखा एक पंप असतो, थंडीत जपावं लागतं, आणि पन्नास पावलं ते आता न थांबता चालतात. त्यांची खाट शेडमधून निंबाखाली आली. कापसातला पाला काढायला मिळत नाही याचं त्यांना वाईट वाटतं, ते बोलत नाहीत, पण वेचणीची गाठोडी ट्रॉलीतून उतरताना त्यांची बोटं मांडीवर हलतात. मी ते बघते. माणसाचा जीव वाचवायचा म्हणजे त्याची एक जागा त्याच्याकडून काढून घ्यायची, हे मला आधी ठाऊक नव्हतं. पाखरांचा वाटा आता शेताच्या पार टोकाला, बांधावर पडतो. तो मी टाकते. पारवे तिथंही मला फारसे आवडत नाहीत.

शेडही रोज मीच बंद करते. काल संध्याकाळी केलं तसं. उंबऱ्यात उभी राहते, हाक मारते, थांबते. आत कुणी नसतं. तरी त्या थांबण्यात मला धाकधूक असते, आणि ती आतल्या पाखरांसाठी नसते. माझे कान तेव्हा निंबाकडे असतात. काल तिथून उत्तर यायला जरा वेळ गेला. ट्रॅक्टर चालले होते, त्यांच्या गाण्यात काही ऐकू येईना. मी कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. ट्रॅक्टर पुढे गेले, आणि निंबाखालून, थोडा घरघरता पण नीट, आवाज आला.

"मी बाहेर शे, बेटा. लाव."